शुगर ‘बॉर्डरवर’ आहे, मग आता करायचं काय?

लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याही गावच्या लॅबमध्ये सकाळी जा, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग दिसेल. संध्याकाळी त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात एकाच तऱ्हेचा कागद पडतो. उपाशीपोटी साखर ११२, नाहीतर ११८. डॉक्टर सांगतात, “बॉर्डरवर आहे, गोड कमी करा, चालत जा.” घरी विचारतात, “काय निघालं?” उत्तर ठरलेलं असतं: “काही नाही, बॉर्डरवर हाय.” कागद बीपीच्या गोळ्यांच्या डब्याखाली जातो. चहातली साखर आठ-पंधरा दिवस कमी होते. मग लग्नसराई सुरू होते.

या अवस्थेला पूर्वमधुमेह किंवा प्रीडायबेटिस म्हणतात आणि तिला तिचा स्वतःचा उपचार आहे. हजारो माणसांवर, काही वर्षं चाललेल्या प्रयोगांतून तो तपासून घेतलेला आहे. आपल्याकडे त्याच्या नावाखाली जे केलं जातं, म्हणजे बिनसाखरेचा चहा आणि पोळीऐवजी भाकरी, तो त्या उपचाराचा अगदी छोटा तुकडा आहे. बाकीचा मोठा भाग कुणी नीट सांगतच नाही. तोच इथं सांगायचा आहे.

आधी आकडे. किमान आठ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत साखर १०० ते १२५ मिलीग्रॅम असेल तर पूर्वमधुमेह, १२६ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त घेतलं, तर १४० ते १९९ हा पूर्वमधुमेहाचा पट्टा आणि २०० पासून मधुमेह. तिसरी तपासणी एचबीए१सी, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी. तिच्यात ५.७ ते ६.४ पूर्वमधुमेह, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटीची खालची रेघ जागतिक आरोग्य संघटना ११० वर ओढते, अमेरिकेची डायबेटिस असोसिएशन १०० वर. त्यामुळे १०४ आकडा बघून एक डॉक्टर “ठीक आहे” म्हणाले आणि दुसरे “सांभाळा” म्हणाले, तर दोघांपैकी कुणीही चुकत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेहात आहेत. बॉर्डरवर उभे असलेले जास्त आहेत.

शरीरात चाललंय काय?

सोयाबीनच्या दिवसांतला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, डोळ्यांपुढे आणा. रस्ता म्हणजे रक्त, गाड्यांतून येणारा माल म्हणजे जेवणातून आलेली साखर, मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू, आणि माल उचलून गोदामात टाकणारा हमाल म्हणजे इन्सुलिन. गोदामाची दारं सहज उघडत असतील तर थोडे हमालही पुरतात. दारं अडायला लागली, की त्याच मालासाठी दुप्पट हमाल लावावे लागतात. काही वर्षं असं चालतं. रस्ता मोकळा दिसतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, पण आत हमालांची दमछाक सुरू असते. पुढे हमाल गळायला लागतात आणि रस्त्यावर गाड्या साचतात. तो साचलेला माल म्हणजे रिपोर्टवरचा वाढलेला आकडा.

दारं अडण्याला डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. हमाल गळणं म्हणजे स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी कमजोर होणं. भारतीयांमध्ये या दोन्ही गोष्टी लवकर सुरू होतात. युरोपातल्या माणसाला साठीत होतो तो आजार आपल्याकडे चाळिशीत, कधी तिशीत दिसतो.

यकृत हे दुसरं गोदाम. रात्री आपण झोपेत उपाशी असताना ते आपल्या साठ्यातून थोडी-थोडी साखर रक्तात सोडत असतं. इन्सुलिनने “आता पुरे” म्हटल्यावर त्यानं हात आखडता घ्यायचा असतो. ते ऐकेनासं झालं, की रात्री काही न खाताही सकाळची साखर चढलेली निघते. “रात्री एकच भाकर खाल्ली, तरी ११५ कशी आली?” या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

म्हणजे बॉर्डरवरची दोन माणसं आतून सारखी असतीलच असं नाही. एकाची सकाळची साखर वाढते, त्याच्यात यकृताचा हात जास्त असतो. दुसऱ्याची जेवणानंतरची वाढते, तिथं स्नायू माल उचलत नाहीत. दुसऱ्या प्रकारचा माणूस फक्त उपाशीपोटीची तपासणी करत राहिला तर वर्षानुवर्षं “नॉर्मल” म्हणून फिरतो. वडिलांना शुगर आहे, पोट सुटलंय आणि उपाशीपोटीची ९८ आली म्हणून निश्चिंत झालात, तर एकदा ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करून घ्या.

आपल्याकडची बारीक माणसं

“मी तर बारीक आहे, मला कशी शुगर होईल?” हे वाक्य मराठवाड्यात फार ऐकू येतं. याचं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच, आत मात्र एकाकडे स्नायू जास्त आणि दुसऱ्याकडे चरबी.

याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांमधली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्या मापांनी लहान होती, पण चरबीच्या बाबतीत फारशी मागे नव्हती. जे कमी पडलं होतं ते स्नायूंच्या बाजूनं. म्हणजे जे गोदाम पुढे आयुष्यभर साखर साठवणार, ते जन्मतःच लहान.

हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी. त्या काळात आईच्या पोटात असलेली लेकरं आज पन्नाशीत आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भीषण उपासमार झाली होती. त्या वेळी गर्भात असलेल्यांची मोठेपणी तपासणी केली, तेव्हा ग्लुकोज प्यायल्यानंतरची त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. हॉलंडचा निष्कर्ष औसा-गेवराईला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण उपाशी आईच्या पोटी जन्मलेला आणि पन्नाशीत भरल्या ताटाशी, मोटारसायकलवर बसलेला माणूस, ही जोडी धोक्याची आहे एवढं तरी त्यातून कळतं. अशा माणसानं वजन किती भरतं याकडे बघून स्वस्थ बसू नये.

वजनापेक्षा टेप विश्वासाचा. शिंप्याकडचा टेप घ्या, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीवर मोजा. आपल्यासाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. पँटचा नंबर हे माप नव्हे, पँट पोटाखाली घालतात.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींवरून शंभरपैकी गुण देणारी एक सोपी पद्धत तयार केली आहे. ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. पन्नाशी ओलांडली की ३० गुण आपोआप पडतात. आई किंवा वडील कुणा एकाला शुगर असेल तर आणखी १०, दोघांना असेल तर २०. ना अंगमेहनत ना व्यायाम, असं असेल तर ३०. बेरीज करून बघा, रक्त काढायचीही गरज नाही.

प्रयोगांनी काय दाखवलं

अमेरिकेत ३२३४ पूर्वमधुमेही लोकांचे गट केले. एका गटाला आहार आणि व्यायाम शिकवला, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची एवढं ध्येय दिलं. दुसऱ्याला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, तिसऱ्याला नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. सरासरी तीनेक वर्षांनी, २००२ मध्ये निकाल छापून आला. नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांना तर व्यायामाचा फायदा सगळ्यात जास्त, ७१ टक्के. “आता या वयात काय चालायचं” म्हणणाऱ्या आजोबांना हा आकडा ऐकवा. फिनलंडमध्येही आधीच्याच वर्षी ५८ टक्केच निघाले होते.

पण ती माणसं आपल्यासारखी नव्हती, बरीच जाड होती. आपल्यासाठी महत्त्वाचा प्रयोग चेन्नईत झाला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं, निकाल २००६ मध्ये आला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. हा आकडा पुन्हा वाचा. शंभरातले पंचावन्न, तेही फक्त तीन वर्षांत. जगभरात साधारण वर्षाला ५ ते १० टक्के लोक बॉर्डर ओलांडतात असं धरतात. आपल्याकडे वेग याहून बराच जास्त आहे, म्हणून “बघू पुढच्या वर्षी” हे आपल्याला परवडत नाही.

आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं, मेटफॉर्मिनच्या गटात ४० च्या आसपास. दोन्ही एकत्र दिल्यावर जास्त फायदा होईल असं वाटत होतं, तो झाला नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. आहार-व्यायामाच्या गटातल्या लोकांचं वजन जवळपास तिथंच राहिलं होतं. काटा हलला नाही, तरी मधुमेह मागे हटला. महिनाभर चालून वजन अर्धा किलोही उतरलं नाही म्हणून ज्यांनी सोडून दिलं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. स्नायू काम करायला लागले की साखर उचलायला लागतात, काट्याला ते दिसतंच असं नाही. जे खरोखर जाड आहेत त्यांच्यासाठी मात्र वजन हाच मोठा दोर. अमेरिकेच्या प्रयोगात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी घटत गेला.

त्याच लोकांकडे पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. प्रयोगाच्या काळात ज्यांची साखर एकदा जरी पूर्ण नॉर्मलला आली होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता ५६ टक्क्यांनी कमी होती. उपचार मेटफॉर्मिनचा की व्यायामाचा, यानं फरक पडला नाही. म्हणजे ध्येय “वाढू द्यायची नाही” एवढंच ठेवू नये, खाली आणायचं ठेवावं.

ताट

आता जरा वाईट बातमी. भाकरी.

ज्वारी आपला अभिमान आहे. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, हे सगळं खरं. पण १०० ग्रॅम ज्वारीत पिष्टमय पदार्थ साधारण ६५ ते ७० ग्रॅम असतात, गव्हाच्या पिठातही तेवढेच. ज्वारीत तंतू आहेत, पोट भरल्यासारखं वाटतं, मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा ती नक्कीच बरी. तरी दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी आल्या तर साखर वाढेलच. आयसीएमआर-इंडियाबच्याच आहाराच्या अभ्यासात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं. एकूण पिष्ट तेवढंच ठेवून फक्त भात-मैद्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा थोडा भाग काढून त्या जागी डाळी किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली, तिथं धोका कमी दिसला.

म्हणून तिसरी भाकरी काढा आणि तिची जागा भरा. कशानं? इथंच मराठवाड्याचं ताट कामाला येतं. लातूरच्या तुरीच्या डाळीवर देशाचे भाव हलतात आणि आपल्या घरात वरण असतं पाण्यासारखं. ते घट्ट करा, वाटीभर घ्या. पिठलं-झुणका हे बेसन आहे, म्हणजे डाळच, फक्त तेलाचा हात आवरा. मटकीची उसळ, मूग, चवळी, वाटीभर दही, ताक. खाणाऱ्यांना अंडी, मासे, चिकन. आणि सोयाबीन! दरवर्षी एवढं पिकवतो आणि सगळं मोंढ्यात घालून येतो. घरच्या दळणात मूठभर टाकायचं किंवा आठवड्यातून दोनदा सोयाबीन वडीची भाजी करायची, हे फार थोड्या घरांत होतं. तूर आणि सोयाबीन या दोन पिकांच्या प्रदेशात प्रथिनं कमी पडावीत, हे मला अजून पटत नाही.

शेपू, चाकवत, अंबाडी, मेथी, काकडी, मुळा, यांना ताटात अर्धी जागा द्या. आधी भाजी, काकडी आणि वरण खाऊन मग भाकरीकडे वळलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पैसा लागत नाही, करून बघायला हरकत नाही. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी खुशाल खा. ठेच्यात साखर नाही, पण ठेच्यासोबत भाकरी किती जाते ते मोजा.

नाश्त्याला सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि पोहे. चुरमुरे हलके लागतात म्हणून लोक बिनधास्त असतात, पण त्यांची साखर रक्तात फार वेगानं येते. सुशीला करायचाच असेल तर डाळं आणि शेंगदाणे हात सैल सोडून घाला, आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच. धपाटं दह्यासोबत त्याच्यापेक्षा चांगलं.

चहाचा हिशेब सोपा आहे. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. घरी दोन, हॉटेलात दोन, पाहुण्याकडे एक: ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. गूळ घातला तर चालतो, हा समज सोडा. गुळातही मुख्यतः साखरच असते.

उपवासांचं काय सांगावं. एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास धरायचाच तर भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी जास्त, ताक, काकडी, एखादं फळ. आणि केसर आंब्याच्या दिवसांत रसाच्या वाट्या मोजायला कुणाला आवडत नाही, मलाही नाही. आंबा कापून, जेवणापासून वेगळा, अर्धा खाल्ला तर जमतं. रस आणि पोळ्या ही जोडी मात्र बॉर्डरवरच्या माणसाला महाग पडते.

पाय आणि मांड्या

“आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?” हे तीस वर्षांपूर्वी खरं होतं. आज पेरणी ट्रॅक्टरनं, काढणी मशीननं, पाण्याची मोटर मोबाइलवरून, आणि शेतापर्यंत मोटारसायकल. मेहनत उरली आहे ती मजुरांच्या, त्यातही बायकांच्या वाट्याला. मालक बांधावर उभा असतो. शिवाय शेतीची मेहनत हंगामी, चार आठवडे अंग मोडतं आणि पुढचे दोन महिने पारावर जातात. स्नायूंना रोजचं काम लागतं. दमदार व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, मग उतरायला लागतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. मेमध्ये पारा ४२ च्या वर असताना सकाळी सहाच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. सलग अर्धा तास मिळत नसेल तर जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. साठीपुढच्या, साखर बॉर्डरवर असलेल्या काही लोकांवर झालेल्या एका लहान प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे एकदम पाऊण तास चालण्याइतकंच उपयोगी ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरायला जास्त. आपली शतपावली शंभरावर थांबवू नका, हजार-दीड हजार पावलांवर न्या.

दुसरी अर्धी गोष्ट म्हणजे ताकद. गोदाम मोठं करायचं असेल तर चालणं पुरत नाही. तालमीतल्या जोर-बैठका, उठाबशा, सूर्यनमस्कार, पाण्याच्या बाटल्या भरून केलेले हातांचे व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा. सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे, म्हणून बैठकांना पहिलं स्थान. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. बायकांना हे सांगितलं की त्या हसतात, “घरातलं काम काय कमी हाय का?” घरातलं काम खूप आहे, पण त्यात मांड्यांवर जोर येणारं काम गॅसचा ओटा आणि नळ आल्यापासून कमी झालं आहे.

झोप सहा तासांखाली जात असेल, जोरात घोरणं असेल, तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींचा साखरेशी संबंध आहे. बिडी-सिगारेटनं टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, सोडा.

गोळी कुणाला?

मेटफॉर्मिन जुनी, स्वस्त आणि भरवशाची गोळी आहे. तिच्यानं एकटीनं साखर एकदम खाली जाऊन चक्कर येणं सहसा होत नाही. पण बॉर्डरवरच्या प्रत्येकाला ती लागत नाही. अमेरिकेच्या प्रयोगात तिचा फायदा तरुण आणि बऱ्याच जाड लोकांना जास्त झाला, साठीपुढच्यांना फारसा नाही. आधी कधी गरोदरपणात शुगर होऊन गेलेल्या बायकांना ती चांगली उपयोगी पडली. तीन ते सहा महिने मनापासून प्रयत्न करून आकडा उतरत नसेल, किंवा एचबीए१सी सहाच्या वर चढत चालला असेल, तर डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायला लाजू नका. चेन्नईच्या प्रयोगात डोस फक्त २५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा होता. सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणासोबत घेतली तर कमी बिघडतं. मूत्रपिंडाची तपासणी आधी व्हावी. आणि बरीच वर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, म्हणून हातापायाला मुंग्या आल्या की आधी बी१२ तपासावं. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी मात्र घेऊ नका.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं निघाली आहेत. जाड पूर्वमधुमेही लोकांमध्ये टिर्झेपटाइडनं तीन वर्षांत मधुमेहाकडे जाणं फार मोठ्या प्रमाणात थांबवलं. औषध थांबवलं की वजन परत येतं आणि खर्च अजून सामान्य घराच्या आवाक्यातला नाही. “महिन्यात शुगर मुळापासून बरी” असं सांगणाऱ्या पावडरी आणि पॅकेजं यांच्याबद्दल एवढंच: तेवढ्या पैशात वर्षभराची डाळ येते.

रिपोर्ट फसवू शकतो

एचबीए१सी ही तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. पण पेशींचंच काही बिनसलं असेल तर हिशेबही बिनसतो. अंगात लोह कमी असलेल्या बाईचा एचबीए१सी साखर न वाढताही जास्त येऊ शकतो. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. ६.० आकडा बघून घाबरण्याआधी हिमोग्लोबिन बघा, लोह भरून काढा आणि मग ग्लुकोजची तपासणी करा. किनवट-माहूरकडच्या ज्या घरांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, तिथं एचबीए१सीवर विसंबूच नये. ताप असताना, मोठ्या आजारात किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना तपासलेली साखरही खरी नसते. आणि बोटाला टोचून घरच्या मशीनवर आलेला आकडा अंदाजासाठी ठीक, निदानासाठी नाही.

तपासणीसाठी दर वेळी खासगी लॅबच लागते असं नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट तपासतात. आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात कंबर, तंबाखू, आईवडिलांचे आजार असं सगळं विचारतात. चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. त्या टेप घेऊन आल्या तर “नंतर या” म्हणू नका.

गरोदरपणी शुगर निघालेल्या बायकांसाठी एक वेगळी सूचना. बाळंतपणानंतर ती उतरते आणि सगळे विसरून जातात. सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी करायची आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. माहेरहून बाळ घेऊन परतताना ही चिठ्ठी बॅगेत असावी, सासूबाईंनाही माहीत असावी.

बाकीच्यांनी उपचार सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. फार तहान, रात्री सारखं लघवीला उठणं, कारण नसताना वजन उतरणं, असं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका, तेव्हा ते प्रकरण बहुधा बॉर्डरच्या पलीकडे गेलेलं असतं.

“इतकं करूनही पुढे होणारच असेल तर उपयोग काय?” हाही प्रश्न येतो. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये असाच एक प्रयोग सुरू झाला, ५७७ लोक, आहार आणि व्यायाम, सहा वर्षं. मग त्यांना सोडून दिलं, पण नोंद ठेवली, तीस वर्षं. शेवटी बहुतेकांना मधुमेह झालाच. मात्र आहार-व्यायाम केलेल्यांना तो सरासरी चारेक वर्षं उशिरा झाला, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात सुमारे चौथाईनं कमी होते, डोळे कमी बिघडले होते, आणि ती माणसं सरासरी सुमारे दीड वर्ष जास्त जगली.